बाभळीच्या पाण्याचा घोट

“नाक सोड आणि तोंड उघड,” आत्याने वाटी पुढे केली.

वाटीत तांबडं, फेसाळ पाणी होतं. वास सडक्या अंड्यांचा. वर तरंगणारी माशी आत्याने बोटानेच काढून फेकली, शी!

परसातल्या कडुलिंबाला म्हशीचं कातडं पिशवीसारखं शिवून टांगलं होतं आणि त्यात बाभळीच्या सालीचं पाणी भरलं होतं. ते पाणी फिकं पडलं की कातडं सडायचं. फिकं पडलंय का, ते आत्या चाखून सांगायची. पण तापातून उठल्यापासून तिच्या जिभेला मीठसुद्धा कळत नव्हतं, म्हणून आज वाटी तनुजापुढे आली होती.

“याच कातड्याच्या चपला घालून बरी मिरवतेस गं!” आत्या म्हणाली.

तनुजाने डोळे मिटून घोट घेतला. बाई गं! त्यापेक्षा गोठा धुतलेलं पाणी परवडलं. तरी तिने तो तोंडात नीट घोळवला आणि मगच थुंकला.

“जीभ टाळूला चिकटली?”

“नाही. पाणचट आहे.”

आत्याचा चेहरा उतरला. रांजणातलं सालीचं दाट पाणी तिने भराभर पिशवीत ओतलं आणि खालून ठिबकणाऱ्या धारेला पुन्हा वाटी लावली.

“परत?” तनुजा किंचाळली.

“चिकटेपर्यंत!”

दुसरा घोट पहिल्याहून घाण होता. त्यात केसही आला. तिसऱ्यानंतर आत्याने विचारलं, “काय गं?”

तनुजाने बोलायला तोंड उघडलं, पण जीभ जागची हलेना. ती नुसतीच हातवारे करत राहिली.

“वाचलं गं बाई कातडं!” आत्याने टाळीच वाजवली.

तनुजा तोवर ओकाऱ्या काढत हंड्याकडे पळत सुटली होती.