दुसऱ्या जागी

"मूळ जागी की दुसऱ्या जागी?" सुनेनं पडद्यावरचा प्रश्न मोठ्यानं वाचला.

"हळू बोल," सासरे म्हणाले. "ती आत आहे."

आत सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. आठ महिन्यांपूर्वी त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. गाठ गेली, जीव वाचला, आवाज गेला. आता त्या गळ्यात अडकवलेल्या वहीत लिहून बोलायच्या. चिडल्या की अक्षर मोठं व्हायचं.

सासरे तीस वर्षं रेडिओवर ध्वनिमुद्रक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पक्ष्यांचे आवाज टिपायला घेतले. तळ्याकाठी, रानात, पुलाखाली, जातील तिथे सासूबाई बरोबर. आणि त्या बरोबर म्हणजे बोलणं आलंच. मग दोन वर्षं खपून सासऱ्यांनी चारशे बारा फायलींमधून बायकोचा शब्द न् शब्द काढून टाकला होता. पक्षी तेवढे ठेवले. कुणी नावं ठेवू नयेत असं काम झालं होतं.

"तिची हाक आठवायला गेलो," ते सकाळी सुनेला म्हणाले होते, "तर 'अहो'मधला 'अ' लांब होता की आखूड, तेच आठवेना."

घरातल्या व्हिडिओंमध्ये सासूबाई नुसत्या हसत होत्या. फोनवरचे निरोप जुन्या फोनबरोबर गेले होते. तेव्हा सुनेला डिस्क आठवली. ती छापखान्यात संगणकाचं काम बघायची. चार वर्षांपूर्वी तिनंच सासऱ्यांच्या संगणकाला बॅकअपची डिस्क जोडून दिली होती. ती पुढे भरली, नव्या नकला उतरेनाशा झाल्या, पडद्यावर सूचना येत राहिली आणि सासरे ती रोज बंद करत राहिले. म्हणून डिस्कवर सगळं काटछाट होण्याआधीचं राहिलं होतं. आळससुद्धा कधी कधी असा उपयोगी पडतो.

"मूळ जागीच आण," सासरे म्हणाले.

"बाबा, फायलींची नावं तीच आहेत. मूळ जागी आणल्या तर आत्ताच्या पुसल्या जातील. दोन वर्षांचं काम आहे तुमचं."

"जाऊ दे. कसलं काम! बायकोला गप्प करायचं काम."

सुनेनं माउसवरचा हात काढून घेतला. "पुसणार नाही मी. आज तुम्हाला हे नकोय, तेव्हा ते नको होतं. दुसऱ्या जागी आणते. दोन्ही राहू देत."

सासऱ्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तू तिच्यासारखी बोलायला लागलीयस."

दुसरी जागा म्हणजे नवं फोल्डर. त्याला नाव हवं होतं. सासऱ्यांनी आपली नोंदवही उघडली. 'खंड्या, चौदा मिनिटं, गडबड.' 'घुबड, नऊ मिनिटं, फार गडबड.' पानंच्या पानं.

"'गडबड' लिही," ते म्हणाले.

"आतली फोल्डरं होती तशीच ठेवायची, की सगळं एकत्र?"

"तशीच ठेव. कुठलं बोलणं कुठल्या तळ्यावरचं, ते कळलं पाहिजे."

तेवीस मिनिटं लागतील असं संगणक म्हणाला. लागली चाळीस. तोवर सासऱ्यांनी तीनदा चष्मा पुसला.

पहिली फाइल खंड्याची. पाण्याची चुळबुळ, दूर कुठेतरी एक तीक्ष्ण किलकारी, आणि मग अगदी कानाशी :

"अहो, इथे मुंग्या आहेत."

"श्श्."

"मला काय श्श् करता? मुंग्यांना करा."

'अ' लांब होता. सासऱ्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले.

सुनेची नजर दाराकडे गेली. सासूबाई उभ्या होत्या, हातात अर्धवट घडी घातलेला टॉवेल. आठ महिन्यांनी त्या स्वतःला ऐकत होत्या. चेहऱ्यावरून काही कळेना. टॉवेल तिथेच टाकून त्या आत निघून गेल्या.

"बंद कर," सासरे पुटपुटले. "चुकलंच माझं. तिला आधी विचारायला हवं होतं."

सुनेनं फाइल थांबवली. आपण मदत केली की जखमेवरची खपली काढली, हे तिलाही उमजेना. आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मग जमिनीवरून खरवडत, दाराच्या चौकटीला धडकत, स्वयंपाकघरातली खुर्ची आली. तिच्यामागे सासूबाई. त्यांनी खुर्ची नवऱ्याच्या खुर्चीला लावली, ऐसपैस बसल्या आणि पडद्याकडे बोट केलं. लाव.

मुंग्यांनंतर चपलेचा अंगठा तुटल्याची तक्रार होती. मग बहिणीच्या नव्या शेजारणीविषयी पाच मिनिटं. सासूबाईंचे खांदे हलायला लागले. सून घाबरून उठली, पण त्या हसत होत्या. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि मग त्यांचे ओठ हलू लागले, आपल्याच बोलण्याबरोबर, शब्दाला शब्द लावून. आणि सासरे पडद्याकडे पाठ करून त्या ओठांकडे बघत राहिले.

घुबडाची फाइल लागली तेव्हा सासूबाईंनी वही पुढे ओढली. मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि पान नवऱ्यासमोर धरलं.

सासऱ्यांनी वाचलं, नीट बसले आणि हेडफोन शोधू लागले.

"काय लिहिलंय?" सुनेनं विचारलं.

"विचारतेय," सासरे म्हणाले, "त्या घुबडाचा आवाज जरा कमी करता येईल का."