रिजेक्ट झालेलं बी

चाळिसाव्या दिवशीही अंगणात गवताचं एक पातं दिसेना, तेव्हा सयाजीराव भोईट्यांनी बियाणेवाल्याला मोबाइलवर तिसरी रिजेक्शन नोट पाठवली. खाली लिहिलं, 'सोमवारी दुकानाचं ऑडिट करण्यात येईल.' मग गुडघे टेकून त्यांनी भिंगातून माती पाहिली. मातीनं दाद दिली नाही.

निगडी प्राधिकरणातल्या त्यांच्या बंगल्यापुढची ही जागा म्हणजे वीस फूट बाय पंधरा. चाकणच्या कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटी सांभाळलेल्या माणसाला तिनं घाम फोडला होता. जूनअखेर ते रिटायर झाले. निरोप समारंभात त्यांच्याच हाताखाली तयार झालेला निरंजन माइकवर म्हणाला होता, "साहेबांनी स्वतः कधी काही बनवलं नाही, पण दुसऱ्यांनी बनवलेलं सगळं परत पाठवलं." सगळे हसले. सयाजीरावही हसले, जरा उशिरा. वाक्य जिव्हारी लागलं होतं. आयुष्यात एक तरी वस्तू आपल्या हातची व्हावी म्हणून सप्टेंबरात त्यांनी लॉन करायला घेतलं, आणि बी पेरायच्या आधीच अख्ख्या डिपार्टमेंटला हिरवळीवर चहाला बोलावून मोकळे झाले. दिवाळीआधीचा रविवार ठरला होता. तो आता उद्यावर आला होता.

प्रयत्नांत कसूर नव्हती. माती चाळून झाली होती. सुतळी ताणून एकेक फुटाचे चौकोन पाडले होते आणि प्रत्येकाला नंबर होता. पाणी फर्स्ट शिफ्टला आणि सेकंड शिफ्टला, मापून. बी उगवेना तसा त्यांनी गाडीच्या शेडमध्ये भिंतीवर तक्ता लावला आणि त्यावर सगळे संशयित लिहिले: बी, पाणी, ऊन, चिमण्या, शेजारच्यांची मांजर. कंपनीच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाला पाच वेळा 'का' विचारलं. पाचव्या 'का'चं उत्तर दरवेळी एकच यायचं, बी खराब. एकतीस वर्षांत दोषाचं मूळ कारण त्यांना आपल्या गेटच्या आत कधी सापडलंच नव्हतं. ते नेहमी पुरवठादाराकडेच निघायचं.

त्यांच्या पत्नी विजयश्रीताईंची मात्र या उद्योगाबद्दल तक्रार नव्हती. उलट चहा, नाश्ता, दुपारचं ताटसुद्धा त्या अंगणात आणून द्यायच्या. पहिलं बी फुकट गेलं तेव्हा दुसरं पाकीट आणायला त्या स्वतः रिक्षानं काळेवाडीला बियाण्याच्या दुकानात गेल्या. अशी समजूतदार बायको मिळायला नशीब लागतं, असं सयाजीराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

नोट मिळाल्यावर तासाभरात बियाणेवाला अय्याज स्कूटरवरून हजर झाला. हातात ताटली होती. ताटलीत ओलं फडकं, आणि फडक्यावर हिरवेगार कोंब.

"साहेब, सोमवारपर्यंत कशाला थांबता, आजच करा ऑडिट. तुमच्याच लॉटचं बी आहे. तुमची दुसरी नोट आली तेव्हाच शंभर दाणे टाकले होते."

सयाजीरावांनी भिंग लावून कोंब मोजले. एक्क्याण्णव भरले. त्यांनी पुन्हा मोजले. एक्क्याण्णवच.

"पेरायच्या आधी जमिनीवर काही मारलं होतं का?" अय्याजनं विचारलं.

"अर्थात." सयाजीरावांचा आवाज चढला. ते आत जाऊन फाइल आणि बाटली घेऊन आले. फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात होतं, 'प्रतिबंधात्मक कारवाई'. "तण उगवल्यावर उपटत बसणं हे अडाण्याचं काम. मी ते उगवायच्या आधीच थांबवलं."

"साहेब, हे औषध बी रुजूच देत नाही. तण कुठलं अन् तुमचं लॉन कुठलं, त्याला काय कळतंय? तीन महिने इथं काही येणार नाही."

सयाजीरावांनी लेबल वाचलं. बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. चाळीस दिवस हातात भिंग होतं, ते बाटलीवर एकदाही धरलं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांनी शेकडो पुरवठादारांना ऐकवली होती. ते पायरीवर बसले. "सयाजीराव, सपशेल नापास," असं स्वतःलाच म्हणाले आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता उद्याचे बारा पाहुणे आठवले. निरंजन आता काय काय बोलेल, या विचारानं त्यांना रडावंसं वाटलं.

मग एकदम त्यांच्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. "पण बाटली बघायच्या आधीच तुम्ही नेमकं हेच कसं विचारलंत?"

अय्याज घुटमळला. "दुसरं पाकीट घ्यायला वहिनी आल्या होत्या ना, तेव्हा त्यांनी मोबाइलवर या बाटलीचा फोटो दाखवला. मी तेव्हाच सांगितलं. त्या म्हणाल्या, साहेबांना बोलू नका. पण आता माझ्या दुकानाच्या नावाचा प्रश्न आला."

विजयश्रीताई चहाचे दोन कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तुला माहीत होतं?" सयाजीरावांनी विचारलं. "मग बोलली का नाहीस?"

त्यांनी आधी अय्याजच्या हातात कप दिला.

"रिटायर झाल्यावर दोन महिने तुम्ही माझ्या पोळ्या पट्टीनं मोजल्यात. कुकरच्या शिट्ट्यांचं रजिस्टर ठेवलंत. वरणात मीठ जास्त झालं तर मला पाच वेळा 'का' विचारलंत. माहेरी जायला मी बॅग भरली होती. त्याच सकाळी तुम्ही हे बी घेऊन आलात आणि घराबाहेर पडलात." त्यांनी दुसरा कप नवऱ्यापुढे धरला. "गवत उगवलं असतं, तर तुम्ही परत आत आला असतात."