बुधवारचा सहावा तास

एकच तास उरला होता, आणि त्याच्यावरून पाच शहाणी माणसं भांडत होती.

आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास. त्यातले सत्तेचाळीस आठ महिन्यांत कसेबसे वाटून झाले होते. बुधवारचा सहावा तेवढा मोकळा होता. गणिताचे तज्ज्ञ तो सरावासाठी मागत होते. विज्ञानवाले म्हणत होते, सलग दोन तास नसतील तर मुलांनी प्रयोग काय स्वप्नात करायचे? भाषेला तो हवा होता, खेळाला हवा होता, आणि संगीताच्या बाई तर आता रडकुंडीला आल्या होत्या.

टेबलाच्या टोकाला बसून मंदाकिनीताई ऐकत होत्या. म्हणजे कान उघडे होते, इतकंच. मूळच्या त्या साताऱ्याच्या. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून जयपूरला आल्या, त्याला एकतीस वर्षं झाली. आधी शाळेत शिकवलं, मग शिक्षण खात्यात आल्या. दहा दिवसांनी, एकतीस जानेवारीला, निवृत्त होणार होत्या. सरकारी प्राथमिक शाळांसाठी असा अभ्यासक्रम करायचा, की ज्यात गणिताइतकाच मान गाण्याला आणि खेळाला असेल, हे त्यांचं शेवटचं काम. सुरुवातीला त्या रात्र रात्र जागून टिपणं काढत. आता फक्त सही करायची, बनीपार्कच्या घरी जायचं आणि पांघरूण घेऊन दोन दिवस पडून राहायचं, एवढीच इच्छा शिल्लक होती.

समितीत एक गोष्ट त्यांनी हट्टाने करून घेतली होती. खेड्यातल्या शाळेचा एक मास्तर घेतला होता. "इथे खुर्च्यांवर बसून त्यांच्या मुलांचं परस्पर ठरवायचं नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी खात्याच्या विनय माथुरांना ठणकावलं होतं. म्हणून फागीकडच्या एका गावातून हनुमानसहाय नावाचे मास्तर दर बुधवारी पहिल्या बसने येत. दाराजवळच्या खुर्चीत बसत. नवा मसुदा हातात आला की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळत, आणि मिटून ठेवत. आठ महिन्यांत त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. मंदाकिनीताईंना आधी त्यांचं कौतुक वाटे, मग राग येऊ लागला. आता तोही येईनासा झाला होता.

"मॅडम, काहीतरी ठरवा," माथुर म्हणाले. "बारा वाजले. मसुदा आजच वर जायचाय."

मंदाकिनीताईंनी चष्मा काढून डोळे चोळले. काय ठरवायचं? कुणाला नाही म्हणायचं? त्यांची नजर दाराकडे गेली.

"हनुमानसहायजी, आता तुम्हीच सोडवा हे. बुधवारी या वेळेला तुमच्या शाळेत मुलं काय करत असतात?"

मास्तर दचकून उभे राहिले.

"काही नाही करत, मॅडम. बुधवारी शाळा बंद असते."

"बंद? बुधवारी कसली सुट्टी?"

मास्तरांनी स्वेटरच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक किल्ली काढून मसुद्यावर ठेवली. सुतळी बांधलेली, जुनी पितळी किल्ली.

"मी इथे येतो ना," ते म्हणाले. "सदतीस मुलं आहेत, पाच वर्ग. शिकवायला मी एकटाच."

भांडण थांबलं. संगीताच्या बाईंनी हातातला कप आवाज न करता खाली ठेवला. मंदाकिनीताई मनातल्या मनात मोजत होत्या. अठ्ठावीस बैठका. अठ्ठावीस बुधवार. आणि मास्तरांना इथे बोलावलं कुणी? आपणच. तेही भांडून.

"अहो, मग बोलला का नाहीत?" त्यांचा आवाज चिरकला. "आठ महिने!"

"बोललो असतो तर तुम्ही माझं नाव कमी केलं असतं. दुसऱ्या कुणाला घेतलं असतं." मास्तर खाली बघत होते. "दर वेळी वाटायचं, तासांचं ठरलं की शिक्षक किती हवेत त्याचं पान येईल. तेव्हा बोलायचं म्हणून थांबलो होतो. ते पान काही आलंच नाही, मॅडम."

माथुर खाकरले. "शिक्षकांची भरती आपल्या कक्षेत येत नाही. आपल्याला फक्त तास वाटून द्यायचेत."

ते खोटं बोलत नव्हते. आदेशात तसंच लिहिलं होतं. मंदाकिनीताईंनी सहीसाठी उघडलेल्या पेनला टोपण लावलं.

"मसुदा आज जाणार नाही."

"मॅडम, एकतीसला तुम्ही रिटायर होताय!"

"ठाऊक आहे. अजून एक बुधवार आहे मध्ये."

त्यांनी किल्ली उचलली आणि मास्तरांच्या हातात दिली. "शाळा चारपर्यंत ना? खाली माझी गाडी उभी आहे, ती घेऊन जा. ड्रायव्हर सोडेल. मुलांना घरून बोलावून घ्या, दोन तास तरी मिळतील त्यांना."

मास्तर गडबडले. वही, मफलर, पिशवी गोळा करून दारापर्यंत गेले आणि वळले.

"पुढच्या बुधवारी किती वाजता येऊ, मॅडम?"

मंदाकिनीताईंनी टेबलावरून नजर फिरवली. गणित, विज्ञान, भाषा, खेळ, संगीत.

"तुम्ही येऊ नका," त्या म्हणाल्या. "आम्ही येतो. तास घ्यायला."