दुरुस्तीची फ्लॉपी

"जेवणाच्या सुट्टीआधी एवढं टाइप करून द्या, सोनाबाई," म्हणत हिरामणने कागद तिच्या टेबलावर सरकवला. कागदावर तीनच ओळी होत्या. पदूला नोकरीत कायम करण्याची गरज नाही, असं स्टोअरचा प्रमुख म्हणून त्याने मत दिलं होतं. साहेब आज याच मतावर निर्णय घेणार होते.

खोपोलीच्या त्या कागद कारखान्यात सुट्या भागांची यादी दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर गेली. पदू कर्जतजवळच्या दहिवलीहून यायचा. वर्कशॉपमधला हंगामी कामगार, दोन मुलींचा बाप. त्याने स्वतः डोकं लढवून यादीसाठी प्रोग्राम लिहिला होता. कोरी फ्लॉपी आणा, भरून न्या, पैसे नकोत, असा त्याचा खाक्या. हिरामणने नाक मुरडलं. फुकटातली वस्तू बिघडली तर कोणाच्या दारात उभं राहायचं? साहेबांच्या मागे लागून त्याने मुंबईच्या एका कंपनीचा प्रोग्राम विकत आणवला. सोबत जाडजूड पुस्तक होतं आणि वचनही होतं: बिघाड झाला तर पत्र टाका, दुरुस्तीची फ्लॉपी टपालाने येईल.

आणि ती येतही होती! तीनदा यादी अडली, तीनदा हिरामणने पत्र धाडलं, तिन्ही वेळा पंधरवड्याच्या आत पाकीट हजर. चिठ्ठीचपाटी काही नाही, नुसती फ्लॉपी. घातली की काम सुरू. हिरामण ती सगळ्या खात्यांतून मिरवून आणायचा. "याला म्हणतात सेवा!" हे वाक्य पदूसमोर तर मुद्दाम मोठ्याने. पदू हसून मान डोलवायचा. दहा दिवसांपूर्वी यादी चौथ्यांदा अडली. हिरामणने पत्र टाकलं आणि निर्धास्त बसला.

टायपिंग आणि टपाल दोन्ही सोनाबाईकडेच असायचं. तिने कागद वाचला, पण मशीनला लावला नाही. खण उघडून चार पाकिटं काढली आणि हिरामणपुढे ठेवली. चारही पाकिटांवर त्याचंच अक्षर. प्रत्येकावर पोस्टमनने लाल पेन्सिलीने लिहिलेलं: ऑफिस बंद, पत्र परत.

"ती कंपनी कवाच बुडली, काका."

"काहीतरीच! मग फ्लॉप्या कोणी पाठवल्या?"

हिरामण तडक आपल्या टेबलाकडे गेला. फ्लॉप्यांची पाकिटंही त्याने कौतुकाने जपून ठेवली होती. त्यांवरचा टपालाचा शिक्का मात्र आजवर कधी पाहिला नव्हता. तिन्हींवर एकच शिक्का होता, कर्जतचा. त्याची कानशिलं तापली.

"सुट्टीत जेवन सोडून वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर बसायचा," सोनाबाई मागून येऊन म्हणाली. "पयलं पत्र परत आलं तवाच मी तुमाला दावायला निघाले व्हते. पदूनं शपथ घातली. म्हनला, काकांनी साऱ्या कारखान्यात त्या कंपनीचा डंका पिटलाय, मानसं हसतील त्यांना."

हिरामणला तिच्याकडे बघवेना. ज्याच्या तोंडावर आपण तोरा मिरवला, तोच आपली अब्रू राखत होता. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या तीन ओळींची पदूला खबर नसेल, एवढाच काय तो आडोसा उरला होता.

"मी आज काय लिहून देणार, ते त्याला ठाऊक आहे का?" त्याने हळूच विचारलं.

"ठाव हाय की. कालच समजलं त्याला." सोनाबाईने तो कागद त्याच्या हातात परत दिला. "तरी चौथी फ्लॉपी आज सकाळीच पेटीत टाकून आलाय. परवापर्यंत मिळंल तुमाला."