मोठा मी, आधी मी

थोरल्याने धाकट्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि त्याला डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत कोंबलं. मग आपल्या रुमालाने त्याचं मनगट खुर्चीच्या हाताला बांधलं. गाठीवर गाठ.

“बांधताय कशाला?” डॉक्टरांनी विचारलं.

“भरवसा नाही हो याचा. वर्षापूर्वी टीव्ही फोडला याने. म्हणे आतली माणसं मला शिव्या देतात!”

त्या दिवसानंतर धाकट्याच्या हातून साधा पेलाही फुटला नव्हता. गोळ्या वेळेवर घेत होता, कानातली कुजबुज थांबली होती, सोमवारपासून सायकलच्या दुकानात कामाला लागायचं होतं. पण थोरल्याच्या खिशात एक फॉर्म होता. धाकट्याला कायमचं वेड्यांच्या इस्पितळात टाकायचा. डॉक्टरांची सही तेवढी बाकी होती.

सकाळीच दोघा भावांच्या मेंदूचे फोटो काढले होते. एक आजाऱ्याचा, आणि तुलनेला घरातल्या एका धडधाकट माणसाचा, अशी इथली पद्धत. यादीत धाकटा पहिला होता. पण मशीनच्या दारात थोरल्याने त्याला कोपराने उडवलं होतं. “मोठा मी, आधी मी!” म्हणत तो आत घुसला, जणू आत काही फुकट वाटप चाललं होतं.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्म भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर लावल्या.

“ही धाकट्याची,” त्यांनी पहिलीवर पेन आपटलं. “कपाळामागचा हा भाग राग आवरतो. इथे थर पातळ झालाय. अशा माणसाचं पुढे कठीणच असतं.”

“कठीण म्हणजे? मारामाऱ्या करणार ना?” थोरल्याने आनंदाने टेबलावर मूठ हाणली. पाण्याचा ग्लास आडवा झाला.

“दाट शक्यता आहे.”

“बघ!” थोरल्याने धाकट्याला टपली मारली. टपली कसली, टोलाच तो. “मी आईला सांगतच होतो, याचं डोकं आतून पोकळ आहे म्हणून. करा सही, डॉक्टर.”

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. “जबड्यापाशी हा काळा डाग दिसतोय, तो आजाराचा नाही हं. दाढेवर धातूची टोपी असली की येतो.”

धाकट्याने आ वासला. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत.

“टोपी दादाला आहे,” तो म्हणाला. “बस कंडक्टरशी मारामारी केली तेव्हा बसवली.”

डॉक्टर सावकाश थोरल्याकडे वळले. “जरा तोंड उघडता?”

थोरल्याने तोंड उघडलं ते शिवी द्यायला. आत टोपी लखलखली. मग त्याने दिव्याची पेटी भिंतीतून उपटली आणि डॉक्टरांच्या नाकावर हाणली. काच फुटली, नाकही फुटलं. धाकट्याच्या खुर्चीला लाथ बसली, तो खुर्चीसकट कोलमडला. टेबलावरचा प्लास्टिकचा मेंदू भिंतीवर आदळला आणि त्याचा एक तुकडा नेमका कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडला.

“माझं डोकं ठणठणीत आहे!” थोरला ओरडत होता, आणि खात्री पटावी म्हणून लोखंडी कपाटावर कपाळ आपटत होता. रक्त भुवईवरून ओघळलं.

“फिल्मवरून एवढं काही ठरत नसतं हो!” टेबलाखालून डॉक्टरांचा आवाज आला.

चार वॉर्डबॉय धावत आले. त्यांनी थोरल्याला पालथा पाडला, एक पाठीवर बसला.

“हात मागे पिरगाळू नका,” धाकटा उठत म्हणाला. “खांदा महिनाभर ठणकतो. आणि दादा, श्वास सोड. जोरात नको, लांब सोड. आता मला इथे शिकवलंय तसं, दिसतील त्या पाच वस्तू सांग.”

थोरल्याचा गाल फरशीवर दाबला गेला होता. “एक,” तो हुंदका देत म्हणाला, “तुझी चप्पल.”

नर्स इंजेक्शन भरून आली. “पेशंटबरोबर कोण आहे? सही लागेल.”

धाकट्याने हात वर केला. रुमालाच्या गाठीत अडकलेला खुर्चीचा निखळलेला हातही त्याच्याबरोबर वर आला.

“मी आहे,” तो म्हणाला. “फक्त सोमवारी जमायचं नाही. कामावर जायचंय.”