काशीनाथकाकांच्या हातचे क्यूब

"काका, पेढे आधीच आणलेत?" स्टेफनीने विचारलं.

"मग? निकाल लागल्यावर दुकान शोधत फिरू का?" काशीनाथकाकांनी पेढ्यांचा बॉक्स लॅबच्या खिडकीत ठेवला. या फोरमनचा उत्साह पाहून वाटावं, परीक्षेला त्यांचीच मुलगी बसली आहे.

स्टेफनीला हसू आलं. हाटकेशमधल्या कारखान्याचं हे काम म्हणजे तिची पहिली साइट. याआधी दोन वर्षं ती ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या साइटचे रिपोर्ट टाइप करत होती. आता साइट इन्चार्ज म्हणून गेटवरच्या बोर्डावर तिचं नाव होतं. तेवढा बोर्ड बघायला तिची आई लुईझा उत्तनहून रिक्षा करून येऊन गेली होती.

कारखान्यात चाळीस टनांचं मशीन बसायचं होतं आणि त्यासाठी जमिनीत काँक्रीटचा भलामोठा पाया भरला होता. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. फक्त काँक्रीटची शेवटची गाडी काशीमिऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकली. मालकांचे सल्लागार हरिश्चंद्र सर नेमके तेव्हाच साइटवर हजर. उशीर झाला की काँक्रीट घट्ट होऊ नये म्हणून ड्रायव्हर गाडीत पाणी मारतात आणि ते कच्चं राहतं, हा त्यांचा जुना अनुभव.

"कच्चं निघालं तर पाया फोडायचा," ते म्हणाले होते. "आणि नवा पाया भरायला दुसरा माणूस येईल."

पाणी पडलं नव्हतं. गाडी रिकामी होईपर्यंत स्टेफनी तिथून हललीच नव्हती. पण तिच्या सांगण्याला कोण विचारतो? सांगायचं ते क्यूबनी. त्याच गाडीतलं काँक्रीट लोखंडी साच्यात भरून वीतभर ठोकळे करायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग यंत्रात दाबायचे. ठोकळा ज्या आकड्याला फुटेल ती पायाची ताकद. पंचवीसच्या वर गेलं की पास. चांगलं काँक्रीट तिशी ओलांडतं.

क्यूब भरणं हे काकांचं खास खातं. "मॅडम, सकाळपासून उपाशी आहात. जेवून घ्या, क्यूब माझ्यावर सोडा," असं म्हणून गाडी रिकामी होताच त्यांनी तिला पिटाळलं होतं. बावीस वर्षांत त्यांच्या हातचा एकही क्यूब नापास झाला नव्हता. त्यांच्या हाताला यश आहे, असं सगळ्या साइटवर बोललं जायचं.

लॅबवाल्या स्वप्नीलने पहिला ठोकळा यंत्रात ठेवला आणि बटण दाबलं. पडद्यावर आकडे पळू लागले. हरिश्चंद्र सर हाताची घडी घालून उभे होते.

अठरा. एकवीस. चोवीस.

"पंचवीस झाले!" काका ओरडले.

तीस गेले. पस्तीस गेले. चाळीस झाले तरी ठोकळा हूं की चूं करेना. एकोणपन्नासला तो कडकडून फुटला आणि स्वप्नीलने टाळीच वाजवली.

"मॅडम, काय आहे हे? एक नंबर!"

"पुढचा घे, पुढचा घे!" स्टेफनीच्या आवाजाला आता धरबंध राहिला नव्हता. आनंदाने तिचे कान तापले होते. दुसरा ठोकळा एक्कावन्नला फुटला. सरांनी आकडा फॉर्मवर लिहिला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. चुकलं की कबूल करायला जड जातंच माणसाला, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात आईचा फोन. "काय झाला गो? पास झालीस का न्हाय?"

"दोन झाले, मम्मा! दुप्पट मार्कांनी! थांब, तिसरा बघते."

तिसरा पन्नास. स्टेफनीने चक्क उडी मारली. महिनाभर तिला धड झोप नव्हती, जेवण गोड लागत नव्हतं, आणि आता तिला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं. मशीनचा ट्रेलर हायवेवर उभा होता. उद्या सकाळी क्रेन बोलवायची. उत्तनच्या घरी आज नुसता जल्लोष.

काकांनी बॉक्स उघडून पहिला पेढा तिच्या हातावर ठेवला.

"काका, तुमच्या हातात जादू आहे हो!"

काका लाजले. तिच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "नेहमी एकच मूठ टाकतो, मॅडम. पण तुमची पहिली साइट ना? तुमच्यासाठी चार टाकल्या."

"कसली मूठ?" तिने हसतच विचारलं.

"सिमेंटची. क्यूबच्या साच्यात, वरून."

सही करायला उघडलेलं पेन हरिश्चंद्र सरांनी बंद करून खिशाला लावलं.

"बत्तीस आले असते तर सही करून निघालो असतो, मॅडम," ते म्हणाले. "आता मला सांगा, पायात जे काँक्रीट भरलंय त्याचे क्यूब कुठे आहेत?"