गोष्टींची मालकीण

थोरल्या जावेने नवंकोरं पुस्तक ओट्यावर आपटलं. मुखपृष्ठावर धाकटीचं नाव होतं. आत मात्र थोरलीने स्वतः रचून घरातल्या मुलांना सांगितलेल्या गोष्टी होत्या, अगदी शब्दन् शब्द.

"माझ्या गोष्टी स्वतःच्या नावावर छापताना लाज नाही वाटली?"

"तुम्ही नुसत्या सांगत होतात. मी मोबाइलवर रेकॉर्ड करून लिहून काढल्या." धाकटीने कांदा चिरायचं थांबवलंसुद्धा नाही. "कॉपीराइटची नोंदणीही माझ्याच नावाने झालीय. एवढा जीव होता, तर तुम्ही करायची होतीत."

"खोटी नोंदणी आहे ती! घरातली सगळी मुलं सांगतील, गोष्टी कुणाच्या ते."

"विचारा की. मी कुठे अडवलंय?"

थोरली तरातरा आतल्या खोलीत गेली. तिची मुलगी पलंगावर पालथी पडून त्याच पुस्तकाची दुसरी प्रत वाचत होती. आईला पाहून ती ताडकन उठून बसली.

"आई, तू सांगायचीस त्या सगळ्या गोष्टी काकूच्या होत्या होय? आणि आम्हाला खुशाल सांगायचीस, मीच रचल्यात म्हणून!"